पुढचं वाक्य

"ये मैंने नहीं कहा, बहनजी."

साक्षीदार म्हातारा टेबलाशी उभा होता. एका हातात सहीसाठी दिलेलं पेन, दुसऱ्या हाताचं बोट कागदावर, खालून चौथ्या ओळीवर. शरयूबाईंचा हात पुढच्या कागदासाठी प्रिंटरकडे गेला होता, तो तिथंच राहिला. एकोणतीस वर्षांत हे वाक्य त्यांना कोणी ऐकवलं नव्हतं. साक्षीदार कागद वाचत नाहीत. सही कुठं करायची तेवढं विचारतात, करतात आणि टेम्पो पकडायला पळतात.

हा वाचत होता. आधी चष्मा पुसला, मग ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, पहिल्या पानापासून सुरुवात केली. मागं वकिलांची चुळबुळ झाली, शिपायानं जांभई दिली. म्हाताऱ्यानं कोणाकडं लक्ष दिलं नाही. आणि खालून चौथ्या ओळीवर येऊन तो थांबला.

"यहाँ लिखा है, 'यह कहना गलत है कि मैंने मारते हुए नहीं देखा'. मैंने तो हाँ कहा था. देखा नहीं था. आवाज़ सुनी थी."

शरयू चिटणीस हे नाव कोर्टात सगळ्यांना ठाऊक. ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींत आडनाव ऐकलं की खानदान विचारायची पद्धत आहे, म्हणून सांगायला हरकत नाही: शरयूबाईंच्या सासरचे पूर्वज दरबारची पत्रं लिहीत. शरयूबाई कोर्टात साक्षी लिहितात. मधल्या दीडदोनशे वर्षांत घराण्याची प्रगती म्हणावी तर एवढीच, की पूर्वी बसायला गादी होती, आता फिरती खुर्ची आहे आणि तिचं एक चाक अडतं.

काम ऐकायला सोपं आहे. साक्षीदार त्याच्या बोलीत बोलतो, न्यायाधीश त्याचं नेटकं वाक्य करून सांगतात, शरयूबाई ते टाइप करतात. उलटतपासणीच्या शेवटी वकील काही ठरलेले प्रश्न टाकतात. तुम्ही पाहिलंच नाही, जुनं वैर आहे म्हणून गुंतवताय, खोटं बोलताय. साक्षीदार म्हणतो, नाही. मग कागदावर उतरतं, 'यह कहना गलत है कि…' आणि पुढं वकिलाचाच आरोप. खून असो की कोंबडी चोरी, शेवट हाच. वकिलानं तोंड उघडलं की शरयूबाईंची बोटं हे पाच शब्द टाकून मोकळी होत, आणि साक्षीदार 'नाही' म्हणेपर्यंत ओळ पुरी होऊन पूर्णविरामही पडलेला असे. कोर्टात त्यांच्या वेगाचं कौतुक होतं. नवे टायपिस्ट त्यांच्या मागं उभं राहून बघत. वेग कुठून येतो हे कोणी विचारलं नाही, आणि त्यांनीही स्वतःला विचारलं नव्हतं.

न्यायाधीश मॅडम तरुण होत्या, नेमक्या होत्या. त्यांनी आपलं टिपण पाहिलं. "इन्होंने हाँ ही कहा था. और मैंने बोला भी यही था कि सही है." मग हातानं दुरुस्ती झाली, शेजारी आद्याक्षरं झाली, म्हाताऱ्यानं पुन्हा एकदा वाचलं आणि सही केली. पाच मिनिटांचं काम. आरोपीचा वकील हसत म्हणाला, "चिटणीस मैडम, आपने तो मेरे लड़के को अंदर ही करा दिया था!" सगळे हसले. आरोपी पोरगा बाकावर बसला होता, तो हसला नाही.

मॅडम हळूच म्हणाल्या, "आप थकी लग रही हैं. कुछ दिन छुट्टी ले लीजिए."

न्यायाधीश बोलल्या होत्या. स्पष्ट बोलल्या होत्या. हे शरयूबाईंनी दिवसभरात कितीदा घोळवलं असेल. त्या दीड हातावर बसलेल्या, कान शाबूत, आणि तरी ते वाक्य त्यांच्यापर्यंत आलंच नव्हतं.

संध्याकाळी त्या बाहेर पडल्या तर म्हातारा चहाच्या टपरीशी मुरारला जाणाऱ्या टेम्पोची वाट बघत होता. संग्रामसिंह, फौजेतला निवृत्त हवालदार. नाव, वय, पत्ता त्यांनीच सकाळी टाइप केला होता. शरयूबाई माफी मागायला गेल्या. ही त्यांची सवय नव्हे. पण न मागता घरी जाववेना.

"माफ़ी किस बात की?" तो म्हणाला. "आपने मेरी तरफ़ से ही तो लिखा था. बस, मुझसे पहले लिख दिया."

"थक गई हूँ शायद. सब यही कह रहे हैं."

त्यानं त्यांच्याकडं नीट पाहिलं. वरपासून खालपर्यंत नव्हे. खांद्यांकडं आणि हातांकडं.

"मैंने ग्यारह साल ड्रिल कराई है, बहनजी. थका हुआ जवान देर से मुड़ता है. जो हुक्म से पहले मुड़ जाए, वो थका हुआ नहीं होता."

"फिर क्या होता है?"

"उसको हुक्म की ज़रूरत नहीं रहती."

"उसका करते क्या थे?"

"लाइन से बाहर." शरयूबाईंचा चेहरा बघून त्यानं घाईनं हात हलवला. "सज़ा नहीं, सज़ा नहीं. अच्छा जवान होता है अक्सर. पर उसे देखके बाकी भी पहले मुड़ने लगते हैं."

टेम्पो आला. म्हातारा बसून गेला. शरयूबाईंना राग आला, आणि राग आल्याचं त्यांना बरं वाटलं. कवायत आणि कोर्ट काय एक असतं?

थाटीपुरच्या घरी गुरुप्रसाद चिटणीस वाट बघत होते. चिटणीस सरांनी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर बोलणं कमी केलं. त्यांनी हकिकत ऐकली आणि म्हणाले, "हं." पुण्याहून मुलीचा, यशश्रीचा, फोन आला. ती एका कंपनीत माणसांची खुशाली बघण्याचं काम करते. आईची बघायला तिला अर्धं मिनिट लागलं.

"आई, हा सरळसरळ बर्नआउट आहे. तू परेशान होऊ नको. मी एक लिंक पाठवते. बावीस प्रश्न आहेत, फटाफट भर. पण ऑनेस्टली हं!"

शरयूबाईंनी फटाफट भरले. चार मिनिटं लागली. चिटणीस सर शेजारून बघत होते.

"सगळीकडे 'कधीकधी' लिहिलंस."

"मग? कधीकधीच होतं."

"प्रश्न वाचलेस का?"

शरयूबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. उत्तर फोनवर आलं होतं: मध्यम स्वरूपाचा थकवा, विश्रांती घ्यावी. ते त्यांनी दोनदा वाचलं.

दुसऱ्या दिवशी मेथी निवडताना त्यांनी तोंडी हिशोब केला. वर्षाला कामाचे दोनशे दिवस. दिवसाला चार साक्षी धरू. एकोणतीस वर्षं. तेवीस हजार दोनशे. त्यातल्या किती जणांनी सही करण्याआधी वाचलं? एकानं. त्या एकाच्या पानावर चूक निघाली. उरलेल्यांच्या पानांत काही नसेल, असं समजायला आधार काय? बऱ्याचशा पानांत नसेलच. माणसं 'नाही'च म्हणतात. पण एखादा 'हो' म्हणाला असेल. एखादी बाई गप्प राहिली असेल, आणि त्या गप्प राहण्याच्या जागी यांचा पूर्णविराम पडला असेल. कोणत्या वर्षी? कोणत्या खटल्यात? बाकावर कोण बसलं होतं? हातातली मेथी संपली तरी बोटं देठ खुडायची हालचाल करत होती.

कोर्टात आस्थापना शाखेत कृष्णराव सुर्वे बसतात. पणजोबा फौजेत घोड्यावर होते, कृष्णराव रजा आणि निवृत्तीच्या फायलींवर आहेत. शरयूबाईंनी रजेचा अर्ज दिला आणि उगाच विचारल्यासारखं विचारलं, "कृष्णराव, स्वेच्छानिवृत्तीला काय काय लागतं हो?"

कृष्णरावांनी मान वर केली. या प्रश्नाच्या मागं काय असतं ते ओळखण्यात त्यांचा हातखंडा.

"कोणासाठी?"

"सहज."

"शरयूताई, इथे सहज कोणी विचारत नाही. तुम्ही बिलकुल टेन्शन घेऊ नका. रजेवर जाऊन या. मी अर्ज तयार करून ठेवतो. वाटलं तर सही करा, नाही वाटलं तर मी फाडतो. आपल्याच घरचं काम आहे."

"अजून आठ वर्षं आहेत माझी."

"म्हणून तर म्हणतो, घाई नाही."

घाई नव्हती, पण आता दोन दारं उघडी होती आणि दोन्हींतून वारा येत होता. थकवा असेल तर विश्रांतीनं जाईल, आणि मग नोकरी सोडणं म्हणजे निव्वळ भित्रेपणा. एक चूक पकडली गेली आणि चिटणीस मॅडम पळाल्या, असं कँटीनमध्ये म्हणतीलच. न म्हणायला ती कँटीन कसली? थकवा नसेल तर विश्रांतीनं काय व्हायचं? आणि हे ओळखायचं कसं? ताप मोजायला निदान थर्मामीटर असतो.

त्यांनी बारा दिवसांची रजा घेतली. जानेवारी होता. सकाळी धुकं, अकरानंतर गच्चीत ऊन. शरयूबाईंनी विश्रांती कामासारखी मन लावून घेतली. झोपल्या, चालल्या, खांद्याला शेक दिला. सातव्या दिवशी उजव्या खांद्यातली जुनी कळ गेली. भूक लागू लागली. आणि दहाव्या दिवशी त्यांना चक्क कोर्टाची आठवण आली. की-बोर्डची, शाईच्या वासाची, पुकारा करणाऱ्या शिपायाच्या बसक्या आवाजाची. त्यांना हायसं वाटलं. कामाला विटलेल्या माणसाला कामाची आठवण येत नाही, हे त्यांनी चिटणीस सरांनाही ऐकवलं.

सर म्हणाले, "हं. आज जरा…"

शरयूबाई उठल्या आणि आलं घातलेला चहा करून घेऊन आल्या. सरांनी कप घेतला, खाली ठेवला.

"मला आज चहा नको होता."

"मग 'आज जरा' काय?"

"आज जरा किल्ल्याकडे फिरून येऊ, म्हणणार होतो."

"मग सांगायचं ना!"

"सांगतच होतो." सर रागावले नव्हते. भूगोल शिकवावा तशा आवाजात बोलत होते. "तुला बहुतेक वेळा बरोबर कळतं, शरयू. चहाच हवा असतो. म्हणून मग मी वाक्य पुरं करणं सोडून दिलं."

"केव्हापासून?"

"यशश्री कॉलेजात होती, तेव्हापासून असेल."

सरांनी तो चहा नंतर पिऊन टाकला. वाया घालवण्याचा त्यांचा स्वभाव नाही. शरयूबाई मात्र त्या रिकाम्या कपाकडं बराच वेळ बघत बसल्या. किल्ल्याकडं जायचं राहून गेलं.

रजा संपल्यावर त्या ठरवून गेल्या. ठराव साधा होता: साक्षीदाराचं उत्तर कानावर पडेपर्यंत हात मांडीवर. शाळेतल्या मुलीसारखे. त्या दिवशी किला गेटजवळ बांगड्या विकणारी एक बाई साक्षीला होती. दुकानासमोर मारामारी झाली, तिनं दोघांना ओळखलं, एवढंच. सरतपासणी नीट झाली. उलटतपासणी सुरू झाली. शरयूबाईंचे हात मांडीवर. बाई बोलली, मॅडमनी सांगितलं, मग हात वर. पुन्हा मांडीवर. दोनदा मॅडमना थांबावं लागलं, वकिलानं घड्याळ पाहिलं, पण जमत होतं. शरयूबाईंना वाटलं, बघा, थकवाच होता. विश्रांतीनं गेला.

वकिलानं विचारलं, "आपकी इन लोगों से पुरानी खुन्नस है, इसलिए आप इनका नाम ले रही हैं?"

बाई लगेच बोलली नाही. तिनं पदर सारखा केला. आरोपींकडं पाहिलं, मग खाली. बाहेर पुकारा झाला तो स्पष्ट ऐकू आला. ती काहीतरी जुनं आठवत होती, किंवा काही ठरवत होती. चेहऱ्यावरून काहीही निघू शकलं असतं. शरयूबाई तिच्याकडं बघत राहिल्या. किती वर्षांनी त्या साक्षीदाराच्या तोंडाकडं बघत होत्या! उत्तर काय येईल, हे त्यांना खरोखर कळेना.

मग त्यांची नजर पडद्यावर गेली.

'यह कहना गलत है कि आरोपीगण से मेरी पुरानी रंजिश है और मैं इस कारण उनका नाम ले रही हूँ.' पूर्णविरामासकट.

हात की-बोर्डवर होते. ते मांडीवरून केव्हा उठले, त्यांना ठाऊक नव्हतं.

"नहीं," बाई म्हणाली. "गलत बात है."

मॅडमनी वाक्य सांगितलं. शब्दाला शब्द, पडद्यावर होतं तेच. पुसायला काही नव्हतं, बदलायला काही नव्हतं. मॅडमनी बाजूच्या पडद्यावर नजर टाकली, बोलून संपायच्या आत ओळ तयार बघून खूश झाल्या. "छुट्टी से फ़र्क पड़ा, मैडम. स्पीड और बढ़ गई है आपकी."

बरोबर आलं होतं. कोणाला काही दिसण्याचा प्रश्नच नव्हता. शरयूबाईंनी मात्र स्वतःच्या बोटांकडं पाहिलं. विश्रांतीनं बोटं ताजीतवानी झाली होती. बारा दिवस गच्चीतलं ऊन खाऊन ती आणखी लवकर वळायला शिकली होती.

कागद निघाले. प्रत्येक साक्षीच्या तळाशी एक ओळ छापून येते, 'पढ़कर सुनाया गया, सही होना स्वीकार किया'. ही ओळ संगणकात कायमची भरून ठेवलेली आहे, ती टाइपही करावी लागत नाही. बाईनं सहीसाठी पेन मागितलं. शरयूबाईंनी पेन दिलं नाही. त्या खुर्चीवरून उठल्या.

"मैडम, मैं इनको पढ़कर सुना दूँ?"

मॅडमना नवल वाटलं. पण नियमच तो, नाही कसं म्हणणार? "सुनाइए."

शरयूबाईंनी पहिल्या ओळीपासून वाचलं. तीन पानं. वकील पुटपुटला, "आज तो सत्यनारायण की कथा हो रही है." कोणीतरी खिदळलं. बाई आधी बावरली. आपलं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून, एवढ्या नेटक्या भाषेत ऐकायची तिला सवय नव्हती. मग ती नीट ऐकू लागली, मान हलवू लागली. एका ठिकाणी म्हणाली, "दो नहीं, तीन दरजन चूड़ी टूटी थीं." तिथं तीन झाले. जुन्या वैराच्या त्या ओळीशी शरयूबाई थांबल्या. ही ओळ त्यांनी सावकाश वाचली आणि बाईच्या चेहऱ्याकडं पाहिलं.

"हाँ," बाई म्हणाली. "यही बोली मैं."

तिनं सही केली. जाताना वळून नमस्कार केला. कशाबद्दल, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मधल्या सुट्टीत शरयूबाई डबा न उघडताच आस्थापना शाखेत गेल्या. कृष्णरावांनी त्यांना दारात बघितलं आणि खणातून कागद काढला.

"बसा ताई. सगळं तयार आहे. तारीख तेवढी तुमच्या हातानं टाका, आणि इथं सही. तीन महिने नोटिशीचे, त्यानंतर मोकळ्या."

"तीन महिने बसावं लागेल?"

"बसायचं. नियम आहे."

तीन महिने. म्हणजे अजून दोनशे तरी साक्षी. शरयूबाईंनी मनात नोंद केली, की त्या सगळ्या वाचून दाखवायच्या. वकिलांना काय ते बोलू दे.

त्यांनी पेन घेतलं. मग ते टेबलावर ठेवलं आणि पर्समधून चष्मा काढला. काचा पदरानं पुसल्या. पहिल्या ओळीखाली बोट ठेवून वाचायला सुरुवात केली.

"अहो, बरोबरच आहे सगळं," कृष्णराव म्हणाले. "इतक्या वर्षांत शंभर अर्ज केले असतील मी."

शरयूबाईंचे ओठ हलत होते. नाव, पद, रुजू झाल्याची तारीख, सेवेची वर्षं. बोट खालून चौथ्या ओळीवर आलं आणि थांबलं.

"'गिरते हुए स्वास्थ्य के कारण कार्य करने में असमर्थ हूँ.' हे मी म्हटलं नव्हतं."

"अहो ताई, सगळे तेच लिहितात. तब्येतीचं लिहिलं की कोणी काही विचारत नाही. वर फाइल अडत नाही. लोकांची तोंडं पण बंद. तुमच्याच भल्यासाठी—"

"पण मी म्हटलं नव्हतं."

कृष्णरावांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग उसासा टाकून खुर्ची संगणकाकडं वळवली, फाइल उघडली आणि ती ओळ पुसली. पडद्यावर पांढरी जागा झाली.

"बरं, सांगा. काय लिहू?"

"लिहा," शरयूबाई म्हणाल्या, "आवेदिका का स्वास्थ्य उत्तम है."

कृष्णरावांनी टाइप केलं. स्वतःशीच जरा हसले. अशी ओळ त्यांच्या हातून पहिल्यांदाच जात होती.

"पुढं?"

शरयूबाई विचार करू लागल्या. खिडकीबाहेर कोणाच्या तरी नावाचा पुकारा चालला होता. कृष्णरावांची बोटं की-बोर्डच्या वर, हवेत थांबून राहिली. पुढचं वाक्य त्यांना ठाऊक नव्हतं.